उंदरांची पॅथॉलॉजी आणि फेनोटायपिंग: संशोधकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकलो, तेव्हा टेबलावर म्हशी, बैल, कुत्रे असायचे. उंदरांकडे नंतर वळलो आणि आता बरीच वर्षं संशोधकांना उंदराचं शरीर वाचायला शिकवतो. येणाऱ्यांत पीएच.डी.चे विद्यार्थी असतात, एम.डी. झालेले डॉक्टर असतात, औषध कंपन्यांतली मंडळी असतात आणि अॅनिमल हाउस सांभाळणारेही असतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. म्हणून इथे सविस्तर उत्तरं लिहून ठेवतो आहे.

या प्रशिक्षणात नेमकं शिकायचं काय?

निरोगी उंदीर ओळखायला शिकायचं. हे सांगितलं की पुष्कळांचा चेहरा पडतो, कारण ते रोग शिकायला आलेले असतात. पण या विद्येतल्या बहुतेक मोठ्या चुका रोग न ओळखल्याने होत नाहीत, निरोगी अवयवाला रोगट ठरवल्याने होतात. या स्ट्रेनच्या (म्हणजे वंशाच्या), या वयाच्या, या लिंगाच्या उंदरात नेहमी काय दिसतं हे डोळ्यांत बसलं की वेगळं काही असेल तर ते आपोआप खुपतं.

फेनोटायपिंग म्हणजे जनुकात बदल केल्यावर प्राण्यात काय बदललं याची पद्धतशीर नोंद: वजन, चाल, रक्त, साखर, हाडं, डोळे, कान, वागणूक, सगळं. पॅथॉलॉजी हा त्यातला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक टप्पा. आकड्यांमागे शरीरात काय घडलं हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

मी एम.डी. पॅथॉलॉजी आहे. रोज शंभर स्लाइड वाचतो. उंदराची स्लाइड वेगळी शिकायला हवी का?

हवी, आणि तुमच्यासारख्यांना तर आवर्जून. अनुभवी नजरच इथे सर्वांत आत्मविश्वासाने चुकते.

पांथरीचंच बघा. माणसाच्या पांथरीत मेगाकॅरिओसाइट दिसल्या की तुम्ही अस्थिमज्जेच्या आजाराचा विचार करता. उंदराच्या पांथरीत रक्तपेशी जन्मभर तयार होत असतात, त्यामुळे त्या मोठ्या, गाठाळ केंद्रकाच्या पेशी तिथे असणारच. यकृतातही तेच. प्रौढ उंदराच्या यकृतपेशींची केंद्रकं लहानमोठी असतात, काही पेशींत दोन-दोन असतात. माणसात हे पाहून कर्करोगाची पूर्वछाया लिहिली जाईल. उंदरात ते वयाबरोबर येणारं साधं चित्र आहे.

मूत्रपिंडात ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा गुच्छ, त्याभोवतीच्या कवचाचं अस्तर नरांमध्ये उंच, घनाकार पेशींचं असतं, माद्यांमध्ये बहुधा चपटं. हा फरक माहीत नसेल तर एका गटात नर जास्त आल्याबरोबर औषधाचा परिणाम दिसायला लागतो! फुप्फुसातल्या शिरांभोवती हृदयाचा स्नायू दिसतो, तो तिथलाच. उजव्या फुप्फुसाला चार खंड आणि डाव्याला एकच, हेही लक्षात ठेवा. जठराचा पुढचा भाग बिनग्रंथींचा, जाड अस्तराचा असतो. माणसात त्याला जोड नाही.

अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथीत लहान उंदरांना एक जादा पट्टा असतो, त्याला एक्स-झोन म्हणतात. नरांत तो वयात येताना जातो, माद्यांत पहिल्या गाभणपणात. ज्याला या पट्ट्याची कल्पना नाही, तो माणूस त्याच्या ऱ्हासाला विषबाधा समजतो.

मी बायोटेकची आहे, व्हेट नाही. मला हे जमेल का?

जमेल. पेशी आणि ऊती वर्गात शिकून झालेल्या असतात, फक्त हात आणि डोळे तयार व्हायचे असतात. अंतिम निदान मात्र प्रशिक्षित पॅथॉलॉजिस्टकडूनच करून घ्या. प्रशिक्षणाने तुम्ही निदानकार व्हाल असं मी कोणालाही सांगत नाही. नमुना नीट काढणं, योग्य प्रश्न विचारणं, आलेला अहवाल समजून घेणं आणि कुठे शंका घ्यायची हे कळणं, इतकं नक्की येईल. लॅबचा निम्मा वाया जाणारा खर्च तिथेच वाचतो, असा माझा अनुभव आहे.

स्ट्रेनचा एवढा बाऊ का? उंदीर तो उंदीर.

मला सर्वांत जास्त बोलायचं असतं ते याच प्रश्नावर.

इनब्रेड स्ट्रेन म्हणजे किमान वीस पिढ्या भावाबहिणींचं प्रजनन करून आणलेला, जवळजवळ एकसारखा वंश. आज जगभर सर्वाधिक वापरला जाणारा सी५७ब्लॅक६, ज्याला लॅबमध्ये सगळे नुसतं ब्लॅक सिक्स म्हणतात, तो क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ साली सुरू केलेल्या प्रजननातून आला. त्यामागची ५७ क्रमांकाची मादी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अॅबी लेथ्रॉप या बाईंच्या उंदीरवाड्यातली होती. याच लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी उभी केली. २००२ मध्ये उंदराच्या जीनोमचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, तोही ब्लॅक सिक्सचाच.

आता अडचण ऐका. १९५१ साली जॅक्सनहून काही ब्लॅक सिक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. तेव्हापासून दोन घराणी वेगळी वाढली: ६-जे आणि ६-एन. दिसायला दोन्ही सारखीच काळी. पण ६-जेमध्ये एनएनटी हे जनुक तुटलेलं आहे, त्यामुळे साखरेच्या चाचणीत त्यांचं वेगळं चित्र येतं. ६-एनमध्ये आरडी-८ हा बदल आहे, त्याने डोळ्याच्या पडद्यात ठिपके आणि घड्या दिसतात. नॉकआऊट, म्हणजे एखादं जनुक बंद केलेला उंदीर, ६-एनवर बनवला आणि तुलनेला ६-जे विकत आणले, तर तुम्ही मोजलेला फरक जनुकाचा की घराण्याचा, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. खरी तुलना म्हणजे एकाच वेतातली भावंडं, ज्यांतली काही बदललेल्या जनुकाची आणि काही साधी.

प्रत्येक स्ट्रेनची स्वतःची दुखणी असतात. एफव्हीबी आणि बहुतेक सी३एच उंदीर आरडी-१ या बदलामुळे लहानपणीच आंधळे होतात. पाण्यातल्या भूलभुलैयात त्यांना सोडून स्मरणशक्ती मोजणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आणि विज्ञानाशी फसवणूक. ब्लॅक सिक्सना वय वाढलं की ऐकू येईनासं होतं, मानेपाठीवर खाजून खाजून जखमा होतात, आणि एखाद्या मादीचा डोळा, विशेषतः उजवा, जन्मतःच बारीक असतो. बाल्बसी आणि डीबीए२ यांच्या हृदयावर चुना साठतो. बाल्बसी आणि १२९ या स्ट्रेनमध्ये मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल काहींमध्ये अर्धवट असतो, काहींमध्ये नसतोच. १२९ च्या काही नरांत वृषणाचा टेराटोमा आपसूक होतो. एकेआरमध्ये थायमसचा लिम्फोमा ठरलेला.

म्हणून अर्जात आणि लेखात स्ट्रेनचं पूर्ण नाव लिहा, पुरवठादाराच्या संकेतासह. ‘ब्लॅक माइस वापरले’ एवढ्यावर मी अहवाल लिहायला बसत नाही.

जिवंत उंदरात काय बघायचं?

सगळ्यात आधी पिंजरा, प्राण्याला हात न लावता. घरटं बांधलंय का, केस चकचकीत आहेत की उभे राहिलेत, कोण कोपऱ्यात एकटा बसलाय, कोणाच्या मिशा सोबत्याने कुरतडल्यात. ही शेवटची गोष्ट वारंवार दिसते आणि नवखे संशोधक तिला त्वचेचा फेनोटाइप समजतात. मग उचलून कमरेच्या हाडावरून बोट फिरवायचं. मांसाचं आवरण किती आहे यावरून एक ते पाच अशी अंगकाठीची श्रेणी देता येते. गाठ वाढणाऱ्या उंदराचं वजन फसवं असतं, बोट फसत नाही. वेदना ओळखायला चेहरा वाचायला शिकवतो: मिटत आलेले डोळे, फुगीर नाक आणि गाल, मागे गेलेले कान, बदललेल्या मिशा. हे पाच निकष २०१० मध्ये मांडले गेले आणि आता जगभर वापरात आहेत.

उंदीर रात्रीचा प्राणी. दुपारी दोनला पाहून ‘हालचाल कमी’ असं लिहू नका.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसं चालतं हे पाहायचं असेल, तर २०११ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय उंदीर फेनोटायपिंग संघाच्या कार्यपद्धती वाचा, त्या सर्वांना खुल्या आहेत. उंदराचं एकेक जनुक बंद करून, नर आणि मादी दोघांचीही, ठरलेल्या वयात ठरलेल्या क्रमाने तपासणी होते. साधारण एक-तृतीयांश जनुकं बंद केली तर पिल्लं जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच मरतात किंवा अपेक्षेपेक्षा कमी जगतात. तेव्हा ‘माझा नॉकआऊट मिळतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनो, तो न मिळणं हाच तुमचा फेनोटाइप असू शकतो. गर्भाच्या कोणत्या दिवशी गाडी अडते ते शोधा.

आमच्या निकालाशी दुसऱ्या लॅबचा निकाल जुळत नाही. कोण चुकतं?

बहुधा कोणीच नाही. १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन इथल्या तीन लॅबनी तेच स्ट्रेन, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून वागणुकीच्या चाचण्या केल्या. काही चाचण्यांत तरीही लॅबनुसार फरक पडला. नंतर हेही दिसून आलं की शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त घाबरट वागतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले शांत. २०१४ चं एक काम सांगतं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानेसुद्धा उंदरावर ताण येतो. म्हणून मी पहिल्या दिवशी शेपटी धरण्याची सवय मोडतो. ओंजळ शिकायला अर्धा तास पुरतो.

नेक्रॉप्सी (मेलेल्या प्राण्याचं शवविच्छेदन) किती वेळात करायची असते?

आतड्याचं अस्तर मेल्यानंतर काही मिनिटांतच विरघळायला लागतं, स्वादुपिंडाचीही तीच गत. त्यामुळे फॉर्मॅलिनची बाटली, लेबलं आणि कॅसेट (ऊतींचे तुकडे ठेवायची जाळीदार डबी) टेबलावर तयार असल्याशिवाय पहिला उंदीर आणायचाच नाही. पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

क्रम प्रत्येक वेळी तोच. आधी बाहेरून: डोळे, कान, दात, पंजे, गुदद्वार. मग वजन. मग मधोमध एक चीर, कातडी दोन्ही बाजूंना सोडवायची आणि थांबायचं. इथे थांबणं फार महत्त्वाचं आहे. लाळग्रंथी, लसिकाग्रंथी, स्तनग्रंथी, सगळं कातडीखालीच पसरलेलं असतं आणि घाईत ते कातडीबरोबर फेकलं जातं. मग पोट उघडायचं, काही हलवण्याआधी फोटो. छाती उघडली की श्वासनलिकेतून फॉर्मॅलिन हळुवार सोडून फुप्फुस फुगवायचं. रिकामं, चुरगळलेलं फुप्फुस स्लाइडवर न्यूमोनियासारखं दिसतं. आतडं उघडून गुंडाळी केली की अख्खी लांबी एका कॅसेटमध्ये बसते. चिमट्याने अवयव पकडायचा नाही, त्याला लागून असलेली चरबी पकडायची.

मारण्याची पद्धतही खुणा सोडते. मान मोडली तर गळ्याशी रक्त साठतं, कार्बन डायऑक्साइड दिला तर फुप्फुसात रक्ताचे ठिपके येऊ शकतात. दोन्ही गटांना एकच पद्धत ठेवा आणि ती नोंदवा.

एक प्रसंग सांगतो. एका लॅबची विद्यार्थिनी तिच्या नॉकआऊट नराच्या ‘गाठी’ घेऊन आली. शिश्नाच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली चपट्या, पिवळसर, डाळीपेक्षा थोड्या मोठ्या. तिच्या मार्गदर्शकांनी प्रबंधाचं एक प्रकरण त्यावर योजलं होतं. मी तिला अॅनिमल हाउसमधला एक साधा नर उघडायला सांगितला. तिथेही त्याच जागी तशाच दोन. त्या प्रेप्युशियल ग्रंथी, प्रत्येक नराला असतात. ती गप्प बसून राहिली. नंतर तिने साध्या उंदरांचे सगळे अवयव फोटो काढून स्वतःचा संग्रह बनवला, आणि पुढच्या तुकडीला मी तोच दाखवतो.

फॉर्मॅलिनच्या बाबतीत नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या?

अख्खा उंदीर न उघडता बरणीत टाकणं. एकदा मला अशीच बरणी आली: अठरा महिने पाळलेले चार उंदीर, पोट बंद, फॉर्मॅलिन बोटभर. बाहेरची कातडी टिकली होती, आतलं सगळं कुजलं होतं. अठरा महिन्यांचा खर्च तर गेलाच, पण त्या चार जिवांचंही काही हाती लागलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन घ्या, ऊतीच्या किमान दहा पट, वीस पट असेल तर उत्तम. जाड तुकडे पाच मिलिमीटरपर्यंत कापा. २४ ते ४८ तास ठेवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा, महिनोन्‌महिने फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिलं की इम्युनो स्टेनिंग बिघडतं. डोळे आणि वृषण यांना सुधारित डेव्हिडसन द्रावण बरं. हाडं इडीटीएमध्ये मऊ करा. वेळ लागतो, पण प्रथिनं टिकतात. रात्री उंदीर मेलेला सापडला तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बर्फाचे कण पेशी फोडतात आणि मग स्लाइडवर भोकंच दिसतात.

आम्हाला फक्त यकृतात रस आहे. बाकी अवयव फेकले तर चालतील?

चालत नाही. सगळे काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे, स्लाइड हव्या तेवढ्याच करा. सहा महिन्यांनी परीक्षक अधिवृक्काबद्दल विचारतो आणि तेव्हा पुन्हा तीस उंदीर मारावे लागतात.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या उंदरांतच रोग दिसला तर डेटा टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्रेडरिक इथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या दीर्घ प्रयोगात काही न दिलेल्या कंट्रोल उंदरांना यकृतदाह आणि यकृताच्या गाठी होत होत्या. ए/जे घराण्यातले उंदीर होते ते. पॅथॉलॉजिस्टांनी चांदीचं स्टेनिंग केलं, तेव्हा पित्ताच्या सूक्ष्म वाटांत मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. तो नवा जिवाणू निघाला, हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस, आणि १९९४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यानंतर जगभरच्या अॅनिमल हाउसांनी त्याची तपासणी सुरू केली. कंट्रोलच्या स्लाइड कोणी कपाटात ठेवून दिल्या असत्या, तर आपण आजही त्या गाठींना रसायनाचा परिणाम म्हणत राहिलो असतो.

आपल्याकडे प्रत्येक तुकडीत एखादा सेंटिनेल, म्हणजे पहारेकरी उंदीर तपासायला ठेवा. संसर्गाचा अहवाल पुरवठादाराकडून मागून घेण्यात संकोच करू नका.

गट माहीत असताना स्लाइड वाचली तर बिघडतं काय?

दोन पायऱ्या करा. पहिल्या वाचनात गट उघडे ठेवा, काय बदललंय ते शोधण्यासाठी, कारण काय शोधायचं हेच माहीत नसताना सगळं झाकलं तर बारीक बदल निसटतात. बदल सापडला, त्याची श्रेणी ठरली, की लेबलं झाकून, क्रम उलटापालटा करून पुन्हा गुण द्या. लेखात दोन्ही पायऱ्या लिहा. कमी, मध्यम, जास्त म्हणजे नेमकं काय, हे एकेका वाक्यात आणि एकेका चित्रात आधीच ठरवून ठेवा.

फक्त नर घेतले तर?

कारण द्यावं लागेल. माद्यांचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र निकालात गोंधळ घालतं ही भीती सरसकट खरी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अर्जात दोन्ही लिंगांचा विचार मागायला सुरुवात केली. माझा आग्रह दोन्ही घेण्याचा, आणि विश्लेषणही वेगवेगळं करण्याचा.

आता संगणक स्लाइड वाचतो, मग आम्ही का शिकावं?

संगणक पेशी मोजतो आणि छान मोजतो. घडी पडलेला छेद, कुजलेला कोपरा किंवा एक्स-झोन ओळखायला त्याला कोणीतरी शिकवावं लागतं. ते शिकवणारे तुम्हीच असणार.

भारतात कोणत्या परवानग्या लागतात, आणि सराव कुठे मिळेल?

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आणि १९९८ चे प्राण्यांचं प्रजनन आणि त्यांच्यावरचे प्रयोग यांचे नियम लागू आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही उंदराला हात लावायचा नाही, प्रशिक्षणासाठीसुद्धा नाही. म्हणून मी शक्यतो इतर मंजूर प्रयोगांत संपलेले किंवा प्रजननातून जास्त झालेले उंदीर, समितीच्या परवानगीने, वापरतो. १९५९ मध्ये मांडलेली प्राण्यांऐवजी पर्याय, त्यांच्या संख्येत घट आणि पद्धतीत सुधारणा ही तीन तत्त्वं इथे रोजच्या कामाची आहेत. आणि लेख लिहिताना अराइव्ह ही प्राण्यांवरचे प्रयोग कसे नोंदवायचे ते सांगणारी मार्गदर्शक सूत्रं शेजारी ठेवा, २०२० ची सुधारित.

महाराष्ट्रात खारघरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, पुण्यातली पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि आयसर अशा संस्थांत उंदरांवरचं काम चालतं. हैदराबाद, बंगळूरलाही मोठ्या सुविधा आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या पॅथॉलॉजी विभागांचं दार ठोठावा. संशोधक तिथपर्यंत जातच नाहीत याची मला खंत वाटते, कारण मायक्रोस्कोपखाली प्राणी वाचणारी माणसं तिथेच तयार होतात.

मराठीतून शिकवता का?

हो, आणि त्याचा फायदा होतो. तांत्रिक नावं इंग्रजीच राहतात, पण पांथरी, वेत, दूध तोडणं, गाभण हे शब्द खेड्यातून आलेल्या मुलांच्या अंगात आधीच असतात. गाईम्हशींत वाढलेला मुलगा आजारी जनावर दुरून ओळखतो. तीच नजर उंदरावर वळवायची असते.

मारताना हात थरथरतो. मी या कामाला नालायक आहे का?

नाही. ज्याचा हात कधीच थरथरला नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. आधी मेलेल्या उंदरांवर हात बसवा, मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करा. थरथर घेऊन घाईने काम उरकू नका, त्याने प्राण्यालाच त्रास होतो. जमत नसेल त्या दिवशी सरळ सांगा, दुसरं कोणी करेल.

प्रशिक्षणाला येताना काय आणावं?

बारीक टोकाचा चिमटा, छोटी कात्री, पेन्सिल, बिनरेघी वही. आणि तुमच्या स्वतःच्या प्रयोगातल्या एका कंट्रोल उंदराच्या स्लाइड, शक्यतो सगळ्या अवयवांच्या. पहिले दोन दिवस आपण फक्त त्याच बघणार आहोत.